खिळ्यांचे पट्टे आणि वेगळा शेजारी

पत्रक मी लिहिलं होतं, त्यामुळं पुढं जे झालं त्याची जबाबदारी माझी. हे आधीच कबूल करून टाकते, कारण आमच्या गावातल्या पोरापोरींच्या गटातल्या बाकीच्यांनी ते पत्रक घरोघर दिलं, पण वाचलं कुणीच नव्हतं.

पत्रकं लिहिण्याची मला सवय आहे. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा हॉस्टेलच्या पाण्यापासून बसच्या पासापर्यंत जिथं अन्याय दिसला तिथं मी एक पान खरडलं. पुढच्या बाजूला अन्याय, पाठीमागं मागण्या, शेवटी उद्गारचिन्ह. शिक्षण संपवून मंचरजवळ आमच्या गावी परत आले तर इथं अन्याय भरपूर, पण कबूल करायला कुणी तयार नाही. कुणालाही विचारा, “गावात भेदभाव आहे का हो?” उत्तर ठरलेलं. “छे! आमच्यात तसलं काय न्हाई.” हे सांगणारा माणूस ज्या पारावर बसलेला असतो, त्या पारावर कोण बसतं आणि कोण कधीच बसत नाही, हे मला दिसतं. त्यालाही दिसतं. फक्त तो समोरच्या उसाकडं बघत बोलतो.

म्हणून प्रदर्शन काढायचं ठरवलं. भाषण नको, मोर्चा नको. लोकांनी वस्तू आणायच्या, चित्रं लावायची, एकमेकांच्या वस्तू बघायच्या आणि थोडं लाजायचं. एवढाच बेत होता.

पत्रकात मी लिहिलं: “तुमच्याहून वेगळा असा शेजारी कोण? ज्याचं खाणं वेगळं, राहणं वेगळं, ज्याच्याबद्दल तुमच्या मनात थोडी भीती आहे, पण ज्याच्याशिवाय हा परिसर पुरा होत नाही! त्याच्यासोबत तुम्ही कसे राहता हे सांगणारी एक वस्तू किंवा चित्र रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या हॉलवर आणा!”

आईला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, “भीती वाटती असा?”

“हो.”

“मग आणतील की,” ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली. ती तेव्हाच सगळं समजून चुकली होती, असा माझा आजही संशय आहे. माझ्या घरचे लोक मला सावध करत नाहीत. त्यांना पुढची मजा बघायची असते.

थर्माकोलच्या पाट्या मी स्वतः रंगवल्या. हिंदू, इस्लाम, बौद्ध, जैन, आदिवासी. प्रत्येक पाटीखाली एक टेबल, आणि वस्तूंपुढं ठेवायला कोरी कार्डं. फ्लेक्स मंचरला करायला दिला. तिथल्या माणसानं “भेदांसह जगताना” हे शीर्षक बारीक अक्षरांत घातलं आणि खाली आमच्या गटातल्या सगळ्यांचे गॉगल लावलेले फोटो टाकून ‘शुभेच्छुक’ असं लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं. “फ्लेक्स म्हटल्यावर शुभेच्छुक पाहिजेतच ना, ताई,” तो म्हणाला. माझ्या फोटोला गॉगल नव्हता तर त्यानं तो कॉम्प्युटरवर घातला.

इस्लामची पाटी मी चाचांसाठी राखून ठेवली होती. चाचा म्हणजे आमच्या गावचे टेलर. डेअरीच्या शेजारी त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. अख्ख्या गावाच्या मानेचं, छातीचं, पोटाचं माप त्यांना तोंडपाठ आहे, आणि कुणाचं पोट कधी सुटलं हेही. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी, शनिवारी, मी दुकानात गेले. अंगात त्यांनीच शिवलेला हिरवा पंजाबी ड्रेस होता.

“बसला का नीट?” त्यांनी मशीन न थांबवता विचारलं.

“बाह्या आखूड झाल्यात, चाचा. कोपरापर्यंतच आल्यात.”

“कापडच कमी पडलं, पोरी. मी काय करू?”

बाह्यांचा मुद्दा मी मोठ्या मनानं सोडून दिला आणि कामाचं बोलले. “रविवारी तुमची वस्तू पाहिजे. एक आख्खी पाटी ठेवलीय तुमच्यासाठी.”

चाचांनी मशीन थांबवलं. त्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, चळवळ म्हणतात ती हीच. खाली वाकून त्यांनी मशीनच्या पायाजवळून एक वस्तू काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. कुत्र्याचा पट्टा.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो. उसातच जन्मतो, उसातच मोठा होतो, संध्याकाळी रस्ता ओलांडतो, आणि कुत्रं दिसलं की मानेला धरतो. म्हणून कुत्र्याच्या गळ्यात बाहेरून खिळे असलेला जाड पट्टा बांधतात. आता तर वाकून खुरपणाऱ्या बायाही गळ्यात तसलाच पट्टा घालतात. माझी आई घालते. घरी आल्यावर ती मंगळसूत्र आणि पट्टा एकमेकांतून सोडवत बसते आणि त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नसतं.

“हा नवा,” चाचा म्हणाले. “ट्रॅक्टरची ट्यूब, वर ताडपत्री, दोन्हीच्या मधी कॅनव्हास. वरच्या मळ्यातल्या लाल कुत्र्याला बिबट्यानं धरला व्हता, ऐकलंस ना? धरला आन् सोडला. का सोडला? माझे खिळे! कुत्रं आजपण भुंकतंय. हाच ठेवू आपण.”

“चाचा, हे नको,” मी म्हणाले. “हे तुमच्या संस्कृतीचं नाही.”

“मग कुणाच्या? मीच शिवलाय.”

“तसं नाही. तुमच्या धर्मातलं काहीतरी पाहिजे. नमाजाची जानमाज, जपाची तसबी. गेला बाजार अत्तराची बाटली.”

“अत्तरानं मला शिंका येतात.”

“मग शीरखुर्म्याचं पातेलं तरी द्या.”

“ते दर ईदेला तुमच्याच घरनं आणतो की आमी. त्याच्यावर तुझ्या आज्याचं नाव कोरलंय. ठेवायचंय का इस्लामच्या पाटीखाली तुझा आजा?”

इथं हसायला पाहिजे होतं. मी हसले नाही. मी पत्रकातलं वाक्य बोलले. म्हणाले, “चाचा, तुमची ओळख पुसली जातेय आणि तुम्हाला त्याची जाणीवच नाही!”

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुझ्या आईच्या लग्नातले ब्लाऊज मी शिवले. तुझा पहिलीचा ड्रेस मी शिवला, त्यात तू पहिल्याच दिवशी रडत बसलीस. गावातल्या कुठल्याबी पोराला विचार, मी कोण. आजपतोर मला कुणी पुसलं न्हाई, पोरी. आता तू पुसायला लागलीस.” त्यांनी पट्टा परत मशीनखाली ठेवला. “राहू दे. मी येत नाय रविवारी.”

मी तरातरा घरी आले. आईला सांगितलं. तिच्या हातातलं काम थांबलं.

“चाचा येणार न्हाई? अगं, ते सार्वजनिक संडासाच्या उद्घाटनाला आले व्हते. इस्त्रीचा शर्ट घालून.”

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप नीट लागली. पण सकाळी पहिला विचार चाचांचाच आला आणि आठवडाभर तोच येत राहिला. अख्खं प्रदर्शन मी भेदांवर काढलं होतं, आणि गावात ज्याचं सगळ्यांशी जमतं त्या एकमेव माणसाला मी घरी बसवलं होतं. चाचा आले नाहीत तर हॉलमध्ये काय मांडलं याला काडीचा अर्थ नव्हता. पण माफी कशी मागायची हे कुठल्याही पत्रकात नसतं.

रविवार उजाडला. लोक वस्तू घेऊन मागच्या दारानं आत येऊ लागले.

पहिले आले पलीकडच्या मळ्यातले आजोबा. हातात लांब दांडीची बॅटरी. त्यांनी ती हिंदूच्या टेबलावर ठेवली.

“आजोबा, ही कशाला?”

“तूच लिवलंस की. वेगळा शेजारी. माझ्या उसात ऱ्हातो, मला इचारत न्हाई, कुणाला रामराम घालत न्हाई. त्याच्यासाठी बॅटरी.”

“मी माणसाबद्दल लिहिलं होतं!”

“माणसात वेगळं कोण हाय आपल्यात?” असं म्हणून आजोबांनी खिडकीतून बाहेर उसाकडं पाहिलं.

मला वाटलं, एक चूक आहे, चालेल. मग किराणावाले शेठ आले. जैनांच्या टेबलावर त्यांनी तेलाचा रिकामा डबा आणि लाकडी दांडकं ठेवलं. “आमच्यात कुणाला मारत नाय,” ते नम्रपणे म्हणाले. “आमी फक्त वाजवतो.” आणि कसं वाजवतात ते दाखवलं. माझ्या कानात अजून घुमतंय. शाळेच्या मुलांची चित्रं आली. सगळ्या चित्रांत उसातून दोन डोळे. रांगोळी काढणाऱ्या मुलींनी दारात बिबट्या काढला. तो ठिपक्यांची म्हैस दिसत होता, पण मी म्हैस म्हटल्यावर त्या रुसल्या. पंजाच्या ठशाचं प्लास्टर आलं. आणि पट्टे! हिंदूच्या टेबलावर पाच, जैनच्या टेबलावर एक, बौद्धच्या टेबलावर दोन. खिळेच खिळे. इस्लामचं टेबल तेवढं रिकामं होतं.

बौद्धवस्तीतल्या ताई सौरदिवा घेऊन आल्या. मी हताश होऊन म्हणाले, “ताई, तुम्ही पण?”

“मग?” त्या म्हणाल्या. “गावात दिवे लागत लागत आमच्या वस्तीत सगळ्यात शेवटी लागला. बिबट्या मात्र सगळ्यात आधी आमच्याकडंच आला. लिही तुझ्या कार्डावर.”

मी लिहिलं. तीन उद्गारचिन्हांसकट. सकाळपासून माझ्या कामाचं एवढंच हाती लागलं होतं.

भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून एक मावशी पहिल्या एसटीनं आल्या होत्या. आदिवासींच्या टेबलावर त्यांनी पळसाचं पान मांडलं, त्यावर नाचणीची भाकर. “वाडीतल्या दगडाच्या वाघोबाला आणणार व्हते, पण त्यो जागचा हालत न्हाई,” त्या म्हणाल्या. “म्हनून त्याचा निवद आणला.” मग त्यांनी पट्ट्यांकडं, बॅटरीकडं आणि डब्याकडं पाहिलं. “तुमी त्याच्यासाठी हे ठेवता व्हय? आमी भाकर ठेवतो.”

“मावशी, तुमच्यात ऊस नाय,” आजोबा म्हणाले.

“आमच्यात अक्कल हाय,” मावशी म्हणाल्या. एका टेबलापलीकडून दुसऱ्या टेबलाशी कुणीतरी बोलत होतं, एवढं माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग वरच्या मळ्यातलं लाल कुत्रं आलं. चालत, स्वतःच्या पट्ट्यासकट. मालकानं त्याला टेबलाला बांधलं आणि म्हणाला, “वस्तू म्हंजे हाच. हाच धरला व्हता त्यानं.” कुत्र्याचं नाव मी इथं देत नाही, कारण त्याच नावाचे एक पदाधिकारी तालुक्यात आहेत.

दहा वाजता अण्णा आले. अण्णा म्हणजे हॉलची किल्ली ज्यांच्याकडं असते ते गृहस्थ. गावात काहीही उघडायचं असलं की अण्णा उघडतात. पुढच्या दारात दोन बांबूंना लाल रिबन बांधली होती. अण्णांनी टोपी सरळ केली, हात पुढं केला आणि म्हणाले, “कात्री.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

आमच्या गावात आजवर जेवढ्या रिबनी कापल्या गेल्या, त्या चाचांच्या कात्रीनं. काळ्या दांड्यांची, हातभर लांब. शाळेची खोली, पाण्याची टाकी, डेअरी, संडास, सगळं त्याच कात्रीनं उघडलेलं आहे. चाचा ती ताटात घालून आणतात आणि कापून झाली की पुसून परत नेतात. दुसरी कात्री आणायची असते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

कुणीतरी ऊसतोडीचा कोयता दिला. अण्णांनी मारला. रिबन सॅटिनची, ती तुटेना, बांबू मात्र आडवा झाला. बांबू परत उभा केला. आजोबा म्हणाले, “दात असते तर म्या तोडली असती.”

“जाऊ द्या ना रिबन!” मी ओरडले. “कशाला पाहिजे ही सरंजामी प्रथा? सरळ आत जाऊ या!”

अण्णांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. “रिबन न कापता आत गेलं तर ते प्रदर्शन न्हाई, घुसखोरी हाय.”

“पण सगळे सकाळपासून आत-बाहेर करताहेत!”

“ते मागच्या दारानं. ते चालतं.”

आई गर्दीतून पुढं आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, “जा. आण चाचांना.” कात्री आण असं ती म्हणाली नाही.

दुकान रविवारी बंद असतं. उघडं होतं. चाचा मशीनपुढं बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, मांडीवर ताट, ताटात कात्री. माझ्याकडं न बघता म्हणाले, “काय पाहिजे?”

“कात्री.”

“कात्री एकटी कुठं जात नाय.”

“मग तुम्ही पण चला.”

“मी कुठं उभा राहू? तुझ्या पाटीखाली? गळ्यात अत्तराची बाटली बांधून?”

मी दारातच खाली बसले. मला अशी बसलेली पाहून त्यांना काळजी वाटली असावी. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “काय काय आलंय?”

“बिबट्या,” मी म्हणाले. “सगळ्यांनी बिबट्याच आणलाय, चाचा. प्रत्येक टेबलावर. सगळीकडं तुमचेच पट्टे पडलेत. मी लिहिलं काय आणि आणलं काय!”

चाचा आधी तोंड दाबून हसले, मग मोठ्यानं. चष्मा ताटात पडला. “अगं वेडे, तू लिहिलंस, ज्याची भीती वाटते असा शेजारी दाखवा. माझ्या तोंडावर माझ्याकडं बोट कोण दाखवील? उद्या त्याला पॅन्ट शिवायचीय. आन् वस्तीकडं बोट दाखवलं तर परवा खुरपायला कोण यील? मग बिबट्या बरा. त्याला राग येत न्हाई.”

एवढं सरळ वाक्य मला चार वर्षांत एका पत्रकात लिहिता आलं नव्हतं. मी म्हणाले, “हे मी कार्डावर लिहू?”

“लिहिलंस तर कात्री मिळणार नाय.”

“मग तुमच्या पट्ट्यापुढं काय लिहू?” मी विचारलं. माझ्या तोंडून माफी निघाली ती याच शब्दांत. चाचांना पोचलं. त्यांनी मशीनखालून नवा पट्टा काढला, उलटा केला, आणि आतली बाजू मला दाखवली. आतून मऊ कापड शिवलं होतं, बारीक टाक्यांनी, कडा दुमडून.

“खिळे सगळ्यांना दिसतात,” ते म्हणाले. “हे कुणी बघत न्हाई. कुत्र्याची मान सोलू नये म्हणून लावतो मी. बायांच्या पट्ट्यालाबी. एवढंच लिही. ‘आतून मऊ कापड लावलंय, उलटं करून बघा.’ बाकी काय नको.”

आम्ही परत आलो तेव्हा बांबू दुसऱ्यांदा पडला होता आणि लाल कुत्र्यानं वाघोबाचा निवद खाल्ला होता. पान चाटून बसलं होतं. मालक मावशींपुढं हात जोडून उभा.

“असू दे,” मावशी म्हणाल्या. “वाघोबानं ज्याला सोडला त्यानंच निवद खाल्ला. पोचला म्हनायचा.”

चाचांनी ताट पुढं केलं. अण्णांनी रिबन कापली. टाळ्या झाल्या. अण्णांनी भाषण केलं, त्यात बिबट्या तालुक्याचं वैभव आहे असं एकदा आणि संकट आहे असं दोनदा म्हणाले. मग सगळे पुढच्या दारानं आत आले आणि स्वतःच आणलेल्या वस्तू पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करून बघायला लागले. इस्लामची पाटी मी काढली. मग बाकीच्याही काढल्या, कारण पट्टे सगळीकडं सारखेच होते आणि पाट्या मधे मधे येत होत्या. चाचांचा पट्टा मधल्या टेबलावर ठेवला. पुढं कार्ड: “आतून मऊ कापड लावलंय, उलटं करून बघा.”

चाचा शेजारी हात बांधून उभे राहिले. सोहळा त्यांचाच असल्यासारखे.

लोकांनी पट्टा उलटा करून पाहिला. “राव, काय टाके हायेत!” शेठ म्हणाले. चाचांची मान किंचित वर गेली. मग लोकांनी आपापले पट्टेही उलटे केले. इतकी वर्षं कुत्र्यांच्या गळ्यात होते, पण आत कुणी डोकावलं नव्हतं. अण्णांच्या सौभाग्यवतींनी त्यांच्या कुत्र्याचा पट्टा उलटा केला. आत जांभळी फुलं होती.

त्यांनी पट्टा डोळ्यांजवळ नेला.

“ही माझी मॅक्सी हाय,” त्या म्हणाल्या.

चाचा कार्डाकडं बघायला लागले.

“हे माझ्या मॅक्सीचं कापड हाय! चाचा, तुमी मला म्हणला व्हता पुरलंच न्हाई! खिसा न्हाई लावला तुमी त्याला!”

“वहिनी, चिंधी उरते ना थोडी—”

“थोडी? कुत्र्याच्या गळ्यात माझा खिसा हाय!”

मग झुंबड उडाली. सगळ्या बाया पट्टे उलटे करायला लागल्या. बौद्धवस्तीतल्या ताईंना आपल्या निळ्या ब्लाऊजची पाठ शेठच्या कुत्र्याच्या पट्ट्यात सापडली. शेठच्या घरचा पडद्याचा तुकडा वस्तीतल्या पट्ट्यात. आजोबांच्या लेंग्याचं पट्टेरी कापड लाल कुत्र्याच्या गळ्यात, आणि ते शोधायला आजोबा स्वतः गुडघ्यावर बसून कुत्र्याच्या हनुवटीखाली बॅटरी मारत होते. कुणाचं कापड कुणाच्या दारात भुंकत होतं याचा पत्ता लागेना. मावशी एका खुर्चीवर बसून डोळे पुसत हसत होत्या.

“लाज न्हाई वाटत, चाचा?”

“अहो, तुमच्याच कुत्र्याला तुमचंच कापड!”

“माझं कुठं? माझं शेठच्या कुत्र्याला!”

टेलर कुठल्याही गावचा असो, उरलेलं कापड परत देत नाही, हा अन्याय सार्वत्रिक आहे, आणि त्याच्याविरुद्ध मी लवकरच एक पान लिहिणार आहे. पण एक सांगते. इतकी वर्षं सगळे चाचांशी गोड बोलत होते, पावण्याशी बोलतात तसं. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या गावानं त्यांना तोंडावर शिव्या घातल्या. आणि चाचा चोहीकडून घेरलेले, टोपी वाकडी झालेली, असे खूश दिसत होते की विचारू नका.

“हे सगळं हिच्या कार्डामुळं!” त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. गळ्यातली टेप काढून आईकडं फेकली. “वहिनी, घ्या हिच्या मानेचं माप. सगळीकडं तोंड घालत फिरते. हिला पट्टा पाहिजे.”

आईनं लगेच घेतलं. मी हलू नये म्हणून खांदा धरून ठेवला. “तेरा.”

“अर्धा इंच सोडू,” चाचा म्हणाले.

“पण आतून कापड कुठलं लावणार?” आईनं विचारलं.

चाचांनी माझ्या कोपरापर्यंतच्या बाह्यांकडं एकदा पाहिलं आणि टेप गुंडाळत म्हणाले, “हिरवं हाय की. उरलंय थोडं.”